लाल दोऱ्यावरचं नाव

आमच्या तैवानमधल्या ताइनानला ज्याचं लग्न जमत नाही त्याला कोणी उपदेश करत बसत नाही, सरळ चांदण्यातल्या आजोबांकडे पाठवतात. पांढरी शुभ्र दाढी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात वही. कोणाचं कोणाशी जुळायचं ते त्या वहीत लिहिलेलं असतं आणि आजोबा त्या दोघांच्या पायांना न दिसणारा लाल दोरा बांधून ठेवतात. पण आजोबांना व्याप फार, वयही झालेलं, तेव्हा देवळात जाऊन आठवण करून द्यावी लागते. एरवी मुलं-मुली आपापली जातात. लू युन्श्याची मुलगी काही केल्या जाईना, म्हणून युन्श्या स्वतः गेली आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू झाला.

युन्श्या एकसष्ट वर्षांची. कालव्याजवळच्या गल्लीत तिचं माशाच्या पेजेचं दुकान, पहाटे साडेपाचला उघडायचं आणि अकराला पातेली घासून पालथी. दूधमाशाची पेज, वर तळलेला लसूण, सोबत मैद्याची कुरकुरीत तळलेली कांडी. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. पहिला वाडगा रोज त्याच्या फोटोपुढे, दुसऱ्या वाडग्यापासून धंदा.

लेक वेनछी चौतीस वर्षांची. ती लिफ्ट दुरुस्त करायची. डोक्यावर पिवळं हेल्मेट, अंगात निळा डगला, पाठीला अवजारांची पिशवी. "दिवसभर वर-खाली करते आणि आहे तिथेच राहते," असं युन्श्या गिऱ्हाइकांना सांगे. गिऱ्हाइकाने नुसतं मिरपूड मागितली तरी ती मिरपुडीसोबत लेकीचं वय वाढायची. मग ओळखीत कोणी आहे का, निदान ओळखीच्यांच्या ओळखीत, घटस्फोटित चालेल पण एकदाच झालेला, असं सगळं ओघानं यायचं. काही लोक त्या भीतीने पेज बांधून घरी न्यायचे.

मासेवाले फांगशेठ सुद्धा यातून सुटले नव्हते. ते गेली सहा वर्षं रोज पहाटे पाचला माशांची पेटी आणून ठेवायचे, टोपी हातात घेऊन क्षणभर उभे राहायचे. युन्श्या म्हणायची, "फांगशेठ, आमच्या वेनछीसाठी कोणी दिसलं का?" ते म्हणायचे, "बघतो," आणि टोपी घालून निघून जायचे. फांगशेठ त्रेसष्टचे, विधुर, बोलायला अगदी कंजूष. मासे मात्र त्यांचे पाहत राहावे असे. दूधमाशाला केसाएवढे बारीक दोनशेच्या वर काटे असतात, आणि फांगशेठच्या पेटीतल्या माशात एक सापडायचा नाही. युन्श्याच्या दुकानात तीन वर्षांचं पोर आणि नव्वद वर्षांचा म्हातारा शेजारी बसून डोळे मिटून पेज प्यायचे.

नवीन वर्षाच्या जेवणाला नणंदेने सगळ्यांसमोर विचारलं, "वेनछीचं काय?" आणि वेनछी म्हणाली, "वेनछीचं बरं चाललंय, आत्या. तुमच्या इमारतीच्या लिफ्टचं बरं नाही, तो दोर बघून घ्या." नणंद तीन दिवस जिन्याने गेली. युन्श्याला मात्र हसू आलं नाही. परतताना स्कूटरवर मागे बसून ती म्हणाली, "एकदा चल ना आजोबांकडे. दोरा मागायला काय जातंय तुझं?"

"आई, मी रोज लोखंडी दोरावर लोंबकळते. अजून एक दोर नको."

"मी मेल्यावर तू एकटी राहशील."

"आणि मी लग्न केलं तर तू एकटी राहशील. हेल्मेट नीट लाव, पोलीस उभा आहे पुढे."

तेव्हा मार्च महिन्यात, दुकान आवरल्यावर, युन्श्या एकटीच देवळात गेली. साखर, गुलाबी कागदातली मिठाई, उदबत्त्या असं सगळं रीतसर नेलं. आजोबांच्या गाभाऱ्याशी बाउजू मावशी बसायच्या. नवख्यांना विधी समजावून सांगायचं काम त्या वीस वर्षं करत होत्या आणि कोणी प्रेमात पडलं की त्याचं श्रेय अर्धं आजोबांना, अर्धं स्वतःला द्यायच्या.

"आधी नाव, जन्मतिथी, पत्ता," बाउजू म्हणाल्या. "मग कसा हवा ते नीट सांगा. मोघम सांगितलंत की आजोबा मोघमच पाठवतात."

युन्श्याला हे शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं ती निरनिराळ्या देवांपुढे उभी राहून नाव, तिथी, पत्ता सांगत आली होती. डोळे मिटले, हात जोडले आणि तोंड आपोआप सुरू झालं. मग ती मागणीवर आली आणि तिथे मात्र तिने जीव ओतला. पहाटे उठणारा हवा. जुगारी नको. स्वतःचं काम असणारा हवा. बायकोच्या कामाला नाक मुरडणारा नको. ताइपेचा तर नकोच नको, तिथले लोक पेजेचा शिजवून शिजवून लगदा करून खातात. मासे आवडणारा हवा. फार देखणा नसला तरी चालेल, पण हात स्वच्छ असावेत.

मग कौल. चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे, एक पालथा एक उताणा पडला की होकार, दोन्ही पालथे पडले की नकार, दोन्ही उताणे पडले की देव हसतोय. दोरा हवा तर होकार सलग तीनदा लागतो. युन्श्याने टाकले, दोन्ही उताणे. पुन्हा टाकले, पुन्हा उताणे.

"हसतायत," बाउजू म्हणाल्या. "मागणी जरा लांबली असेल."

तिसऱ्यांदा होकार आला. आणि चौथ्यांदा, पाचव्यांदाही. बाउजूंनी लाल दोरा उदबत्तीच्या धुरावरून तीनदा फिरवून तिच्या हातात दिला आणि तिच्याकडे जरा वेगळ्याच कौतुकाने बघितलं. "हिंमत आहे हो तुमची, युन्श्याताई," त्या म्हणाल्या. युन्श्याला वाटलं, लेकीच्या परस्पर आल्याबद्दल म्हणतायत. घरी येऊन तिने तो दोरा वेनछीच्या पिवळ्या हेल्मेटच्या अस्तरात शिवून टाकला.

दुसऱ्या दिवसापासून तिला फार हलकं वाटू लागलं. काम योग्य माणसाच्या हाती दिलं होतं, आता तोंड वाजवण्यात अर्थ नव्हता. गिऱ्हाइकांना नुसती मिरपूड मिळू लागली. पेज बांधून नेणारे हळूहळू बाकावर बसायला लागले.

फांगशेठ पाचला आले, पेटी ठेवली, टोपी हातात घेऊन उभे राहिले. युन्श्या काहीच बोलली नाही, लसूण तळत राहिली. ते आणखी थोडे उभे राहिले. मग म्हणाले, "एक वाडगा मिळेल का?"

सहा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा तिची पेज खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्या आठवड्यात त्यांनी तिच्या शेगडीची गळकी नळी बदलून दिली. पुढच्या आठवड्यात पेरू आणले, नंतर कमळाच्या बिया आणल्या, त्याही सोललेल्या. एप्रिलमध्ये एक दिवस ते वाडग्यात बघत म्हणाले, "मालकीणबाई, मंदिरासमोर बाहुल्यांचा खेळ लागलाय. येता का?"

युन्श्या गेली. शेजारी शेजारी प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून त्यांनी तो खेळ पाहिला. सेनापती मेला तेव्हा फांगशेठनी नाक शिंकरलं, आणि युन्श्याला तो माणूस एकदम आवडला. पण ती हुशार बाई. एवढा मान कोणी उगाच देत नाही, हे तिने तेव्हाच ताडलं. फांगशेठना एक पुतण्या होता, काओश्युंगला, बंदरावर कामाला. आजोबांनी वाट बरोबर शोधली होती. काका आधी मुलीच्या घरचं पाणी जोखत होते.

"पुतण्या काय म्हणतोय तुमचा?" तिने मोठ्या सहजतेचा आव आणून विचारलं.

"मजेत आहे. दुसरा मुलगा झाला त्याला परवा."

युन्श्याने सेनापतीच्या प्रेताकडे बघत मान हलवली. मग हा माणूस येतो तरी कशाला, हे तिला कळेना. पण पाच वाजायच्या आधी ती केस विंचरायला लागली होती, हे तिचं तिलाच ठाऊक होतं, आणि फोटोतल्या नवऱ्याला. सकाळी त्याच्यापुढे वाडगा ठेवताना ती हल्ली खाली बघायची.

जूनच्या सणातली नौकांची शर्यत झाली, उकाडा सुरू झाला, तरी वेनछीसाठी माशीसुद्धा फिरकली नाही. तेव्हा युन्श्या तक्रार करायला देवळात गेली. सणाचा बांबूच्या पानातला भात ठेवला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली, "आजोबा, मी लू युन्श्या, घोड्याचं वर्ष, आठवा महिना, नववी तिथी, राहणार कालव्यामागची गल्ली, मार्चमध्ये येऊन तुमच्याकडे..."

आणि ती तिथेच थांबली. तिने डोळे उघडले.

"मावशी," तिने हाक मारली, "मी मार्चमध्ये आले होते तेव्हा नाव कोणाचं घेतलं होतं?"

"तुमचंच की," बाउजू म्हणाल्या. "नाव तुमचं, तिथी तुमची. मी मनात म्हटलं, एकसष्टाव्या वर्षी एवढं छातीठोक मागणारी बाई मी पाहिली नाही. घरी जाऊन आमच्या ह्यांनाही सांगितलं."

"मी लेकीसाठी आले होते हो."

"मग लेकीचं नाव घ्यायचं. तिचा फोटो आणायचा, एखादा कपडा आणायचा. आजोबांनी ओळखायचं कसं? त्यांना काय स्वप्न पडतंय?"

चाळीस वर्षांच्या सवयीने दगा दिला होता. इतके दिवस प्रत्येक देवापुढे तिने आपलंच नाव सांगितलं होतं आणि मागितलं होतं दुसऱ्यांसाठी. नवऱ्याची खोकल्याची दुखणी, लेकीच्या परीक्षा. तेव्हा देवांनी समजून घेतलं होतं. या म्हाताऱ्याने अक्षर न् अक्षर लिहून घेतलं. तिने आपली मार्चमधली मागणी आठवली. पहाटे उठणारा, स्वतःचं काम असणारा, मासे आवडणारा. हात स्वच्छ. माशांच्या धंद्यात असून फांगशेठ लिंबाने हात धुऊन मगच वाडग्याला हात लावायचे. तिचे कान गरम झाले.

"बदलता येईल का?" ती म्हणाली. "माझ्या नावावरचं तिच्या नावावर?"

"हे काय वीजबिल आहे? बघा विचारून."

तिने कौल लावला. दोन्ही उताणे. पुन्हा लावला. उताणे. अकरा वेळा लावला आणि अकरा वेळा आजोबा हसले. शेजारी उभी असलेली कॉलेजातली मुलगी मोबाइल काढायला लागली तेव्हा बाउजूंनी तुकडे काढून घेतले. "पुरे आता," त्या म्हणाल्या. "म्हातारा दमेल."

युन्श्या घरी चालत आली. तिला रडू येत होतं आणि कशाचं येतंय ते तिला चांगलं माहीत होतं. लेकीच्या ताटातला घास तिने उचलला होता, आणि तो गोड लागला होता. फांग तिला आवडत होता. पेरू, नळी, स्टुलावर बसून नाक शिंकरणं, सगळं आवडत होतं. आजोबा बदलत नसतील तर तिने बदलायचं, असं तिने ठरवलं. तिने हा दोरा नाकारला, तर तो मोकळा होईल आणि वेनछीकडे जाईल. असं कुठे लिहिलेलं नाही. पण आई असलेल्या बाईला लिहिलेलं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी फांगशेठ टोपी काढत होते तेवढ्यात ती म्हणाली, "उद्यापासून मासे नकोत."

"खराब निघाला का?"

"नाही. मासे चांगले आहेत."

"मग माझं काही चुकलं?"

"तुमचं नाही," युन्श्या म्हणाली आणि तिच्या हातून लसूण करपला. फांगशेठनी कढईखालची आच कमी केली. मग टोपी घातली आणि गेले.

नव्या मासेवाल्याची पेटी आली ती काट्यांसकट. युन्श्या चारला उठून चिमट्याने काटे काढायला बसली, तरी दोन वाडग्यांत निघालेच. निवृत्त शाळामास्तर हुआंग घशात हात घालून डोळे पांढरे करून बसले आणि त्यांना भाताचे कोरडे गोळे गिळायला लावावे लागले. त्या आठवड्यात तीन वर्षांचं पोर येईनासं झालं.

रविवारी वेनछी बाकावर बसली होती. तिने तोंडातून एक काटा काढला, वाडग्याच्या कडेला ठेवला. दुसरा काढला, त्याच्या शेजारी ठेवला. चार झाल्यावर म्हणाली, "फांगकाका कुठे आहेत?"

"बंद केलं त्यांच्याकडून."

"का?"

युन्श्याने काहीतरी सांगायला सुरुवात केली, पण खोटं बोलायची तिला सवय नव्हती. पाच मिनिटांत देऊळ, नाव, तिथी, अकरा वेळा हसलेले आजोबा, हेल्मेटचं अस्तर, सगळं बाहेर आलं. वेनछीने हेल्मेट उलटं करून अस्तर चाचपलं. दोरा होता. ती हसत सुटली, आणि मग आईचा चेहरा बघून थांबली.

"म्हणजे तुझा दोरा मी तीन महिने डोक्यावर घेऊन फिरतेय," ती म्हणाली. "आणि तू त्यांना हाकललंस. माझ्यासाठी."

"तुझं नशीब मी कसं घेऊ?"

"आई, मला कधीतरी कोणी भेटेल, नाही तर नाही भेटणार. दोन्ही मला चालेल. पण मला दर पावसाळ्यात तिकडे चीनमध्ये चेंगदूचं काम देतात, दोन वर्षांचं, आणि मी दर पावसाळ्यात नाही म्हणते. तू दुकान आवरून एकटी त्या फोटोसमोर जेवायला बसतेस, ते मला डोळ्यांसमोर येतं." तिने वाडगा बाजूला सारला. "तुझ्या आयुष्यात मी एकटीच आहे ना, त्याचं मला ओझं होतं. नवरा नसण्याचं नाही होत."

युन्श्या खाली बसली. असं लेकीने तिला आजवर सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं आपण हिच्या एकटेपणाची काळजी करतोय असं तिला वाटत होतं, आणि ही बसली होती आईच्या एकटेपणाची राखण करत.

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू मधे बोलू देतेस?" वेनछी म्हणाली. "जा. पातेली मी घासते."

फांगशेठची शेड मत्स्यतळ्यांच्या कडेला होती. युन्श्या गेली तेव्हा दुपार टळली होती आणि ते एकटेच फळीवर मासा उघडून चिमट्याने काटे उपसत बसले होते. ते उठले, लिंबाने हात धुतले, तिच्यासाठी स्टूल पुसलं.

"फांगशेठ," ती उभ्याउभ्याच म्हणाली, "मला एक सांगायचंय. मार्चमध्ये मी आजोबांकडे लेकीसाठी गेले आणि चुकून माझं नाव घेतलं. म्हणून तुम्ही यायला लागलात. तुमचा त्यात काही दोष नाही. तुम्हाला आजोबांनी ओढून आणलं."

फांगशेठ हात पुसायचे थांबले.

"मार्चमध्ये?" त्यांनी विचारलं.

"मार्चमध्ये."

"हे काटे कोण काढतं, तुम्हाला काय वाटतं?"

"तुमची माणसं."

"माणसं कुठायत?" ते म्हणाले. आणि खरंच, शेडमध्ये तळ्यावरचा वारा आणि एक कुत्रा सोडून कोणी नव्हतं. "बाकी सगळ्यांना मी अख्खे मासे देतो. ज्यांना काट्याविना हवेत ते दुसरीकडे जातात. तुमचे तेवढे मी काढतो, तुम्ही नको म्हणालात तरी हात थांबत नाही. सहा वर्षं."

युन्श्याने फळीकडे बघितलं. तिला रोज तीस मासे लागायचे.

"मग सहा वर्षं बोलला का नाहीत?"

"रोज बोलायला म्हणूनच उभा राहायचो," फांगशेठ म्हणाले. "पण तुम्ही वेनछीच्या लग्नाचं काढायचात. त्यात माझं कुठे घुसवणार? मग मार्चमध्ये एक दिवस तुम्ही गप्प होतात. मी थोडा वेळ थांबून बघितलं. तरी गप्प. म्हटलं, आता नाही तर कधी नाही. तरी घाबरून पेजच मागितली."

युन्श्या त्या पुसलेल्या स्टुलावर बसली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि यापैकी काहीही लपवावं असं तिला वाटलं नाही.

"तुम्ही येत नाही तर मला करमत नाही," ती म्हणाली. "लसूण करपतो रोज."

फांगशेठनी फळीवरचा मासा उगाच सरळ केला. त्यांचे कान लाल झाले होते. "मग उद्यापासून आणतो," ते म्हणाले. "तीसच ना?"

"उद्या सोमवार. दुकान बंद असतं."

"हो की. मग परवा."

"नाही, उद्याच या," युन्श्या म्हणाली. "बारा वाजता, जेवायला. मासे आणू नका."